विश्रांती मिळालेलं आतडं आजारी का पडलं?

उंबराचं फूल | रविवार, सकाळी ९:१०

माझे धाकटे काका. वय ७१, बार्शीजवळ शेती, अंगाने काटक. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांचं पोट ढोलासारखं टम्म फुगलं. वारा सरेना, शौचाला होईना, वरून उलट्या. आतड्याला पीळ पडला होता. पिळलेला भाग काळा पडलेला, तो काढूनच टाकावा लागला. अशा घाईच्या शस्त्रक्रियेत उरलेली दोन टोकं लगेच जोडणं धोक्याचं असतं. म्हणून वरचं टोक पोटावर बाहेर काढून पिशवी लावली आणि खालचं टोक शिवून आत ठेवून दिलं. म्हणजे गुदद्वाराच्या वरचा वीतभर भाग जागच्या जागी, रक्तपुरवठा शाबूत, फक्त त्यातून आता काहीच जात नाही. काही महिन्यांनी परत जोडायचं ठरलं.

काकू म्हणाली, "चला, तेवढ्या भागाला तरी आराम." आम्हालाही तेच वाटलं.

चौथ्या महिन्यात काकांना त्या बंद वाटेने आव पडायला लागली. मग आवेबरोबर रक्त. घरात प्रत्येकाच्या मनात एकच शब्द आला आणि कोणीही तो उच्चारला नाही. दुर्बीण घातली, तुकडा तपासायला गेला. गाठ नाही, अमिबा नाही, टीबी नाही. अस्तर मात्र लालबुंद, नुसतं टेकलं तरी रक्त येईल असं. सर्जन शांतपणे म्हणाले, "काही नाही, उपाशी आहे ते. जोडलं की सुधारेल."

मी २६ वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, तरी हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. रक्त पुरेपूर मिळतंय, मग उपाशी कसं?

शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तातून जेवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मात्र पंगतीत उलट्या तोंडाने बसलेल्या असतात: रक्ताकडे पाठ, आतड्याच्या पोकळीकडे तोंड. त्यांचं मुख्य जेवण म्हणजे ब्युटिरेट. हे एक छोटंसं स्निग्धाम्ल आहे. नाव लोण्यावरून पडलंय, लोणी खवट झाल्यावर जो वास येतो तो याचाच. विल्यम रोडिगर नावाच्या संशोधकाने १९८० साली माणसाच्या आतड्याच्या पेशी वेगळ्या काढून त्यांना ग्लुकोज आणि ब्युटिरेट दोन्ही देऊन पाहिलं. पेशी जो ऑक्सिजन वापरत होत्या त्यातला ७० टक्क्यांहून जास्त ब्युटिरेट जाळण्यात जात होता. समोर साखर असताना!

आणि हे ब्युटिरेट आपण बनवत नाही. भाकरीतला, डाळीच्या सालातला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जंतू तो आंबवतात. एकटादुकटा जंतू हे करत नाही. बिफिडोबॅक्टेरिया वगैरे मंडळी चोथ्याचे लांब धागे तोडून लॅक्टेट आणि ॲसिटेट ही छोटी आम्लं सोडतात, ते उचलून फिकॅलिबॅक्टेरियम, रोझब्युरिया, युबॅक्टेरियम ही दुसरी फळी ब्युटिरेट करते. अस्तर ते जागच्या जागी खाऊन टाकतं. आपलं अस्तर चार-पाच दिवसांत जवळजवळ सगळं नवं होतं. एवढ्या वेगाने घडणाऱ्या कापडाला सूत सारखं लागणारच.

आता काकांच्या त्या वीतभर भागाचा विचार करा. वरून चोथा येणं बंद. जंतू उपाशी, म्हणून अस्तर उपाशी. याला डायव्हर्जन कोलायटिस म्हणतात. हे नाव १९८१ साली पडलं, पण सर्जन मंडळींना प्रकार आधीपासून माहीत होता. पिशवी लावलेल्या बहुतेकांच्या बंद भागात दुर्बिणीतून थोडीफार लाली दिसते, त्रास मात्र थोड्यांनाच होतो.

"चांगले जंतू" हा शब्द जाहिरातींनी इतका चावून चोथा केलाय की मला वर्गात तो वापरायची लाज वाटायची. पण काकांच्या आतड्याने मला फळ्यावर कधी काढता आलं नाही असं चित्र दाखवलं. इथे कोणाचा अनुभव असेल तर लिहा.

रात्रपाळी | रविवार, सकाळी १०:०२

सर्जिकल वॉर्डात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. पिशवीचे पेशंट हमखास घाबरून हाक मारायचे, "सिस्टर, वाट तर बंद केलीय ना, मग खालून काय येतंय?" आत थोडी आव साचते आणि कधीमधी बाहेर येते, हे डिस्चार्जच्या वेळी सांगितलं तर निम्मी भीती जाते. सांगायला वेळ कोणाला असतो ते सोडा. पण रक्त आलं तर घरी बसून अंदाज बांधू नये, तुमच्या काकांसारखी दुर्बीण करूनच घ्यावी. आराम मिळालेला भाग बिघडतो का, हे मात्र आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आज कळलं.

तिरकस | रविवार, सकाळी ११:२६

लेख आवडला, पण दोन खडे.

एक. "उपाशी आहे" ही गोष्ट ऐकायला छान आहे. पुरावा काय? तो भाग बंद केल्यावर चोथा थांबतो तसं अजून दहा गोष्टी थांबतात.

दोन. शस्त्रक्रियेच्या पुस्तकांतच लिहिलंय की आतड्याला पीळ पडणं हे भरपूर चोथा खाणाऱ्या लोकांत जास्त दिसतं, कारण त्यांचं मोठं आतडं लांब आणि भारदस्त होतं. म्हणजे तुमच्या काकांना ज्वारीनेच पिळलं आणि आता ज्वारीविना अस्तर रडतंय म्हणता!

उंबराचं फूल | रविवार, दुपारी १:४५

तिरकस, दुसरा खडा आधी घेते, कारण तो नेमका लागला. खरं आहे. लांब आतडं, वय, जुना बद्धकोष्ठ, सगळं जुळून येतं तेव्हा पीळ पडतो. भाकरी खाणारं अख्खं बार्शी काही पिळलेलं नाही, पण चोथा म्हणजे अमृत असं मीही म्हणणार नाही.

पुराव्याचं. १९८९ साली हॅरिग आणि सहकाऱ्यांनी अशाच बंद भागात ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेटचं मिश्रण एनिमासारखं सोडलं. काही आठवड्यांत लाली उतरली. नुसतं मिठाचं पाणी सोडलं तेव्हा उतरली नाही. पण रुग्ण होते फक्त चार. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये जरा नीट, आंधळी चाचणी झाली (म्हणजे कोणाला खरं औषध मिळतंय हे कोणालाच ठाऊक नसतं), दोन आठवड्यांची, तिच्यात फरक दिसला नाही. म्हणजे औषध म्हणून प्रश्न अजून लोंबकळतोय. जोडून पुन्हा वाहतं केलं की बहुतेकांचं अस्तर सुधारतं, हे मात्र सर्जन रोज बघतात.

जास्त पटण्यासारखा पुरावा उंदरांचा आहे. काही उंदीर जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवतात, त्यांच्या पोटात एकही जंतू नसतो. २०११ साली डोनोहो आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या मोठ्या आतड्याच्या पेशी तपासल्या. पेशी उर्जेला इतक्या महाग झाल्या होत्या की स्वतःचेच आतले भाग मोडून खात होत्या. त्या उंदरांना ब्युटिरेट करणारा एकच जंतू दिला आणि हे स्वतःला खाणं थांबलं. यात शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, बंद केलेली वाट नाही.

खडीसाखर | रविवार, दुपारी ३:३०

वाचतेय. एक बाळबोध शंका. ब्युटिरेट लोण्यात असतं ना? मग साजूक तूप खाल्लं की काम झालं! आमच्या आजी रोज भातावर तुपाची धार सोडायच्या.

जठराग्नी | रविवार, दुपारी ४:१५

(पोटविकारांचं शिक्षण घेतोय, ड्युटी संपली म्हणून लिहितोय.)

खडीसाखर ताई, तूप चवीसाठी जरूर खा. लोण्याच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल ३-४ टक्के असतं हे खरं, पण ते वरच, लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याच्या दारापर्यंत पोचतच नाही. तिथे ब्युटिरेट पोचवायचा सोपा मार्ग एकच: ते बनवणाऱ्यांना कच्चा माल पोचवणं. म्हणजे तुपाची धार ज्या वरणावर पडते त्या वरणाकडे लक्ष द्या.

उंबराचं फूल मॅडम, तुमच्या लेखात एक गोष्ट राहिली, आणि मला तीच सगळ्यात भारी वाटते. पेशी ब्युटिरेट जाळतात तेव्हा ऑक्सिजन संपवतात. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन पोकळीपर्यंत गळत नाही, आणि आत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. ब्युटिरेट बनवणाऱ्या जंतूंना ऑक्सिजन म्हणजे विष, त्यामुळे त्यांना असंच घर हवं असतं. म्हणजे त्यांनी दिलेलं अन्न खाऊन पेशी त्यांचंच घर राखतात. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या बॉमलर यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की अँटिबायोटिकने हे जंतू मेले की पेशी ग्लुकोजवर येतात, ऑक्सिजन वापरणं कमी करतात, तो पोकळीत झिरपतो, आणि ज्यांना ऑक्सिजन चालतो ते ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या कुळातले लोक पाहुणे म्हणून येऊन मालक होतात.

पाणकोंबडी | रविवार, रात्री ८:०५

हे सगळे जंतू अस्तराला चिकटून बसलेले असतात का? एवढे कोट्यवधी जंतू आणि एकाच पेशीच्या जाडीची भिंत, मग आत घुसत का नाहीत?

उंबराचं फूल | रविवार, रात्री ९:४०

वर्गात हा प्रश्न कोणी विचारला की मी त्याचं नाव लक्षात ठेवायचे.

कोट्यवधी नाही, सुमारे ३८ लाख कोटी. आपल्या पेशींच्या दसपट जंतू असतात हा आकडा जुना आणि चुकीचा. २०१६ सालच्या नव्या मोजणीत साधारण बरोबरी निघाली. सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोच्या आत.

आणि नाही, ते चिकटलेले नसतात. मध्ये आव असते. आपण आव म्हणतो ती आजारात बाहेर पडते म्हणून वाईट वाटते, पण जागेवर असताना तीच खरी भिंत. अस्तरात चषकाच्या आकाराच्या पेशी असतात, त्या हा चिकट थर सतत विणतात. २००८ साली स्वीडनच्या योहान्सन आणि हान्सन यांनी दाखवलं की मोठ्या आतड्यात या थराचे दोन पदर असतात. आतला घट्ट, अस्तराला धरून, त्यात जंतू जवळजवळ नाहीत. बाहेरचा सैल, त्यात गर्दी. इतकी वर्षं हे नीट दिसलं नाही, कारण प्रयोगशाळेत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की पाणी शोषलं जाऊन हा थर आक्रसतो. आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं त्या आक्रसलेल्या काचपट्ट्या दाखवत होतो.

थराच्या आत अजून पहारे आहेत. पेशीपेशींमधल्या फटी प्रथिनांच्या शिवणीने बंद असतात. लहान आतड्यात जंतुनाशक प्रथिनं सोडणाऱ्या पेशी असतात. शिवाय जंतूंना बांधून ठेवणारी प्रतिपिंडं. आणि ही सगळी व्यवस्था जंतूंच्या चाहुलीनेच सजग राहते. निर्जंतुक उंदरांत आतल्या थराची घडणच नीट होत नाही. ज्यांच्यापासून भिंत वाचवायची, त्यांच्या ये-जा करण्यानेच ती पक्की होते.

घाटमाथा | सोमवार, सकाळी ६:५०

मॅडम, दंडवत. एक शंका. या आवेत अन्न असेल ना? मग जंतूंना चोथा मिळाला नाही तर ते काय करतात?

उंबराचं फूल | सोमवार, सकाळी ८:२०

घाटमाथा, भिंत खातात.

आव म्हणजे प्रथिनाच्या काठीला साखरेच्या असंख्य फांद्या. त्या साखरा तोडणारे जंतू आपल्या पोटात असतातच. एरवी बाजूबाजूने कुरतडतात. २०१६ साली लक्झेंबर्गचे महेश देसाई आणि मिशिगनचे एरिक मार्टन्स यांच्या गटाने निर्जंतुक उंदरांत माणसाच्या पोटातले १४ ओळखीचे जंतू सोडले. काहींना चोथ्याचं खाणं दिलं, काहींना चोथा नसलेलं. बिनचोथ्याच्या उंदरांत आव खाणाऱ्यांची संख्या वाढली आणि थर पातळ झाला. मग एक रोगजंतू सोडला, तर तो पातळ थरातून सहज अस्तरापर्यंत पोचला आणि उंदीर आजारी पडले. ज्यांना चोथा मिळत होता ते बरेचसे बचावले. एक दिवसाआड चोथा दिला तरी थर पुरता सावरत नव्हता.

घाटमाथा | सोमवार, सकाळी ९:१५

आता डोक्यात बसलं. आमच्याकडे उन्हाळ्यात धनगर मेंढरं घेऊन येतात, आम्ही शेतात बसवतो. रान मोकळं असलं की चरतात, लेंड्या टाकतात, शेताचं सोनं. त्यासाठी आम्ही उलट त्यांनाच धान्य देतो. पण चारा नसलेल्या साली बांधाजवळ उभं पीक असेल तर मेंढरं कोणाचं ऐकत नाहीत.

अवांतर: शिळी भाकरी आणि ताक हा आमचा सकाळचा नाष्टा. डॉक्टर लोक शिळं खाऊ नका म्हणतात. यावर काय?

तिरकस | सोमवार, सकाळी १०:४०

मेंढरांचा दाखला चोरतोय, श्रेय देईन.

जठराग्नी | सोमवार, दुपारी २:३०

घाटमाथा काका, शिळ्या भाकरीत तथ्य आहे. पिठूळ पदार्थ शिजवून गार केला की त्यातला थोडा स्टार्च परत आवळून बसतो आणि आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. तो तसाच खाली उतरतो आणि जंतूंना मिळतो. गार भातात, गार बटाट्यातही हेच. फार मोठं प्रमाण नसतं, पण असतं. फक्त रात्रीचा भात उन्हाळ्यात ओट्यावर उघडा ठेवू नका, गार भातात उलट्या करवणारा बॅसिलस वाढतो. भाकरी कोरडी, ती त्या मानाने बिनधोक.

याच न पचणाऱ्या स्टार्चची एक गोष्ट आपल्या देशातली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना जलसंजीवनीत लिटरमागे ५० ग्रॅम असा मक्याचा स्टार्च घालून दिला. निबंध २००० साली आला. हिशोब असा: कॉलऱ्याचं विष लहान आतड्यातून पाणी उपसतं, पण मोठं आतडं धडधाकट असतं. स्टार्च तिथे पोचला की जंतू त्याची छोटी आम्लं करतात, अस्तर ती शोषतं, आणि त्यांच्यासोबत सोडियम आणि पाणीही आत ओढतं. नेहमीच्या जलसंजीवनीपेक्षा जुलाब कमी झाले आणि लवकर थांबले. कॉलऱ्याच्या धबधब्यातही जंतू कामाला लावता आले. आमच्या सरांनी हे शिकवलं तेव्हा अख्खा वर्ग गप्प होता. दुपारच्या तासाला सहसा वर्ग वेगळ्या कारणाने गप्प असतो.

गुळपोळी | सोमवार, संध्याकाळी ५:५०

सगळं छान आहे हो, पण मला कडधान्य खाल्लं की पोट नगारा होतं. आयबीएस आहे (तपासणीत काही सापडत नाही, पण पोट सारखं बिघडतं). मटकीची उसळ बघितली तरी गुडगुड. तुमच्या हिशोबाने माझं अस्तर रोज उपाशीच मरतंय का? माझी जाऊ म्हणते कॅप्सूल घे चांगल्या जंतूंच्या. घेतल्या, दोन महिने. फरक फक्त पाकिटाला.

रात्रपाळी | सोमवार, संध्याकाळी ७:१२

गुळपोळी, बाळा, घाबरू नकोस. आधी मूठभर नाही, चमचाभर. मूग सोललेला, नीट शिजवलेला, हिंग-आलं घालून. पोट मानेल तसं वाढव.

जठराग्नी | सोमवार, रात्री १०:२५

रात्रपाळी ताईंना +१. गॅस होणं म्हणजे जंतू काम करतायत. आयबीएसमध्ये अस्तर मरत नसतं, आतड्याच्या नसा जरा जास्त हळव्या असतात, म्हणून तोच गॅस तुम्हाला दुखतो आणि दुसऱ्याचा नुसता वारा सरतो. कांदा, लसूण, राजमा काही आठवडे कमी करून एकेक परत आणतात, पण ते आहारतज्ज्ञाच्या मदतीने. कायमचं बंद करायचं नसतं. इसबगोल बऱ्याच जणांना सोसतं, कारण ते फार आंबत नाही.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: क्रोहन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याच्या दाहाचे जुनाट आजार) भडकलेला असताना, किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं असताना, धागा वाचून चोथा वाढवू नका. अडकून परत सर्जनकडे जाल.

कॅप्सूलचं: अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सगळा पुरावा चाळून आयबीएससाठी प्रोबायोटिकची शिफारस केली नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या २०१८ सालच्या प्रयोगात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जंतू परत यायला उलट जास्त वेळ लागला. रिकाम्या वाड्यात भाडेकरू घुसवले, मग मूळ माणसांना दार उघडेना.

ऱ्हाईनकाठ | मंगळवार, पहाटे २:१०

जर्मनीतून. इथे बाजारात आता अकरमॅन्सिया नावाच्या जंतूच्या गोळ्या आल्यात, "अस्तर दुरुस्त करते" म्हणून. किंमत ऐकून माझंच अस्तर जळलं. हा तोच आव खाणारा का? मग तो चांगला कसा?

उंबराचं फूल | मंगळवार, सकाळी ९:००

तोच. २००४ साली नेदरलँड्सच्या वाखनिंगनमध्ये सापडला, आंतून अकरमन्स या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचं नाव दिलं. आडनावापुढचा शब्द म्युसिनिफिला, म्हणजे आवेवर प्रेम करणारा. आणि गंमत म्हणजे देसाईंच्या उपाशी उंदरांत जे बोकाळले त्यांत हाही होता. तरीही निरोगी माणसांत तो असणं चांगलं लक्षण मानतात, कारण बाहेरचा पदर बेताने छाटला की चषकपेशी नवा विणायला घेतात. घाटमाथांची मेंढरं आठवा. जनावर तेच, रान कसं आहे त्यावर ठरतं.

गोळीबद्दल: २०१९ साली बेल्जियममध्ये जादा वजनाच्या ३२ जणांवर तीन महिन्यांचा अभ्यास झाला. त्यात जिवंत जंतूंपेक्षा पाश्चरीकरण करून मारलेले जंतू सरस ठरले. म्हणजे काही फायदा असेलच तर तो जंतूच्या सांगाड्यावरच्या प्रथिनांमुळे असावा. इन्शुलिनच्या कामात सुधारणा दिसली. "अस्तर दुरुस्त" हे पाकिटावरचं काव्य आहे. तसंच "गळकं आतडं" म्हणून रक्ताच्या महागड्या चाचण्या विकतात. त्यांतल्या झोन्युलिनच्या (पेशींमधल्या शिवणी सैल करणारं प्रथिन) काही किटं झोन्युलिन मोजतच नाहीत, भलतंच प्रथिन मोजतात, हे २०१८ साली दाखवलं गेलंय. अस्तराची पारगम्यता वाढते हे खरं आहे, क्रोहन्समध्ये, सिलिॲकमध्ये (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार). पण थकवा, पुरळ, चिडचिड सगळं त्याच खुंटीला टांगणं म्हणजे धंदा.

ऱ्हाईनकाठ | मंगळवार, दुपारी १२:३५

आभार, पैसे वाचले. मी आपला साउअरक्राउट खातो, आंबवलेला कोबी. स्टॅनफर्डचा २०२१ सालचा अभ्यास वाचला होता: ३६ जण, अर्ध्यांना जास्त चोथा, अर्ध्यांना दही-केफीर-किमची असं आंबलेलं, दहा आठवडे. आंबलेलं खाणाऱ्यांत जंतूंची विविधता वाढली आणि दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. चोथावाल्यांत विविधता सरासरीने वाढली नाही. मॅडम, तुमच्या चोथ्याला हे जरा अवघडच!

उंबराचं फूल | मंगळवार, दुपारी ३:०५

अवघड आहे आणि मला तो अभ्यास म्हणूनच आवडतो. एक शक्यता अशी की ज्यांच्या पोटातून चोथा खाणारी जातच नाहीशी झाली त्यांना चोथा देऊन दहा आठवड्यांत ती कुठून येणार? बी नसलेल्या शेतात पाणी सोडल्यासारखं. आपल्याकडचं चित्र जरा वेगळं असावं. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतल्या योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या पोटात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा जास्त असल्याचं २०१६ साली मांडलं. प्रीव्होटेला हा धान्याच्या चोथ्यावर जगणारा गडी. पण मुंबई-पुण्याच्या तिसऱ्या पिढीच्या पोटात तो किती उरेल कोण जाणे. पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे चोथा ३ ग्रॅमपेक्षा कमी, मैद्यातही तेवढाच. ज्वारी-बाजरीत १०-११, अख्ख्या हरभऱ्यात २५ च्या आसपास. हे हैदराबादच्या पोषण संस्थेचे आकडे.

खडीसाखर | मंगळवार, रात्री ८:४५

मी अंगणवाडी प्रशिक्षणाच्या कामात होते. मुलं आहार घेऊनही वाढत नाहीत, हा आमचा कायमचा घोर. पोटभर खिचडी, तरी वजन तिथेच. त्यांच्या अस्तराचं असंच काही असतं का?

जठराग्नी | बुधवार, सकाळी ७:३०

हो, आणि या धाग्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

घाण पाणी आणि घाण अंगण यांत वाढणाऱ्या मुलांच्या लहान आतड्याचं अस्तर झिजतं. अस्तरावरची मखमलीसारखी लव बुटकी होते, शोषण कमी, गळती जास्त. जुलाब नसतानाही. २०२० साली ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या खुंटलेल्या मुलांच्या लहान आतड्यातून नमुने घेतले, तर तिथे १४ जातींचे जंतू जितके जास्त तितकी वाढ कमी. ते जंतू निर्जंतुक उंदरांना दिले तर त्यांचंही लहान आतडं सुजलं. म्हणजे जंतू भिंत राखतात तसे चुकीच्या जागी, चुकीच्या गर्दीने भिंत पाडतातही.

मग अमेरिकेतल्या जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने आणि ढाक्याच्या तहमीद अहमद यांनी उलटा विचार केला. मुलाला खायला घालण्याऐवजी निरोगी मुलाच्या पोटातल्या जंतूंना काय आवडतं ते शोधलं. शेवटी जी कृती निघाली तिच्यात काय होतं सांगू? हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्चं केळं. एक ते दीड वर्षाच्या सव्वाशेच्या आसपास मुलांना तीन महिने दिलं, निकाल २०२१ साली आला. नेहमीच्या तयार पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही वजनवाढ सरस. प्रयोग लहान आहे, आणि स्वच्छ पाण्याची जागा कुठलंही पीठ घेणार नाही.

खडीसाखर | बुधवार, सकाळी ८:१०

शेंगदाणे आणि हरभऱ्याचं पीठ! हे तर प्रत्येक अंगणवाडीच्या डब्यात असतं. कच्च्या केळ्याचा विचार कधीच केला नव्हता. विदर्भ-मराठवाड्यात मुलाला जुलाब झाले की जुन्या बायका कच्चं केळं उकडून द्यायच्या, आम्ही तेव्हा नाक मुरडायचो.

तिरकस | बुधवार, सकाळी ९:५५

माझे दोन्ही खडे परत घेत नाही, पण खिशात ठेवतो. काकांचं काय झालं ते सांगा.

उंबराचं फूल | शनिवार, संध्याकाळी ६:२०

उशीर झाला, कारण दवाखान्यात होते. गुरुवारी आतडं जोडलं. भूल देण्याआधी सर्जननी पुन्हा एकदा दुर्बिणीतून तो बंद भाग दाखवला. अजून लालच होता, पण आता मला तो आजारी न वाटता जेवणाची वाट बघत बसलेला वाटला. (विज्ञानाच्या शिक्षिकेने असं बोलू नये.)

तेव्हापासून खोलीत येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतोय. सर्जन, सिस्टर, झाडूवाली मावशी, मुंबईहून फोन करणारी आत्या, सगळे: "वारा सरला का?" आज दुपारी सरला. काकूने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात फोन लावले.

आधी पेज, मग मऊ भात आणि ताक. भाकरी सहा आठवड्यांनी, तीही चावून चावून, असं सांगितलंय. काकांनी कॅलेंडर मागवलं, आठवडे मोजले आणि त्या चौकोनात पेनाने लिहिलं: "ज्वारी."

रात्रपाळी | शनिवार, संध्याकाळी ७:०५

खालून आव अजून थोडे दिवस पडेल, घाबरू नका म्हणावं. आणि त्या चौकोनात ठेचा लिहिला असेल तर खोडून टाका.